स्निपेटची सामायिक फाइल: आठ महिन्यांनंतर

"अरे, तो पॅन तपासायचा रेजेक्स कोणाकडे आहे?" आमच्या अंधेरीच्या ऑफिसात हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी यायचाच. रेजेक्स म्हणजे मजकुराचा साचा तपासणारी ओळ; पॅनसाठी पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. एवढ्यासाठी सहा जण आपापला साठा उपसत बसायचे. कुणाचा नोटपॅडमध्ये, कुणाचा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला, माझा गिस्टवर, म्हणजे गिटहबच्या कोडचे तुकडे ठेवायच्या जागेवर. शेवटी व्हीएस कोड या एडिटरची प्रोजेक्ट स्निपेटची (नेहमी लागणाऱ्या कोडच्या तुकड्यांची) सोय वापरायला घेतली. 'डॉट व्हीएसकोड' फोल्डरमध्ये एक फाइल ठेवायची, ती गिटमध्ये, म्हणजे टीमच्या कोडच्या सामायिक साठ्यात टाकायची. बाकीच्यांनी पुल केलं (ताजी प्रत उतरवून घेतली) की झालं. 'पॅन' लिहून टॅब दाबला की तुकडा हजर.

सोय खरी आहे, पण ती फाइल लिहिणं म्हणजे वैताग. जेसन या काटेकोर मांडणीत असल्यामुळे प्रत्येक ओळ अवतरणात, शेवटी स्वल्पविराम. त्यात डॉलरचं चिन्ह! स्निपेटमध्ये त्याला वेगळा अर्थ आहे: डॉलर-एक म्हणजे कर्सरची पहिली जागा, डॉलर-शून्य म्हणजे शेवटची. मी जावास्क्रिप्टचं टेम्प्लेट लिटरल (त्यातही व्हेरिएबल डॉलर आणि महिरपी कंसात लिहितात) जसंच्या तसं चिकटवलं. व्हीएस कोडला महिरपी कंसातलं 'अमाउंट' हे व्हेरिएबल ओळखीचं नव्हतं, म्हणून डॉलर आणि कंस गळून नुसता शब्द उरला. बिलावर रकमेच्या जागी 'अमाउंट' छापून आलं तेव्हा टेस्टरबाई म्हणाल्या, "एवढं इंग्रजी आम्हालाही येतं." डॉलरच्या आधी दोन बॅकस्लॅश लागतात, हे आता मी झोपेतही सांगेन.

गिस्ट मी सोडलं ते माझ्याच चुकीने. 'सीक्रेट' गिस्ट म्हणजे खाजगी, असं धरून एक एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) त्यात ठेवली. प्रत्यक्षात लिंक मिळाली की ते कुणालाही वाचता येतं, आणि ओळ खोडली तरी जुनी आवृत्ती इतिहासात राहते. की बदलावी लागली.

खरा फरक मात्र फाइलमधल्या प्रत्येक स्निपेटच्या डिस्क्रिप्शनच्या रकान्याने पडला. तुकडा कशासाठी, कुठे चालत नाही आणि स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून घेतला असेल तर त्याची लिंक, हे तिथे लिहायचंच (तिथला मजकूर श्रेयनिर्देशाच्या अटीवर मिळतो, हे निम्म्यांच्या गावीही नव्हतं). हा नियम होण्याआधी कुणीतरी टाइमझोनचा एक तुकडा टाकला होता. तो फक्त पूर्ण तास मोजायचा. आपण यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, त्यामुळे रात्रीचा रिपोर्ट अर्धा तास चुकत राहिला. दोन दिवस आम्ही डेटाबेसवाल्यांशी भांडलो.

आता महिन्यातून एकदा साफसफाई करतो. ९४ तुकड्यांवरून ६१ वर आलोय. काढलेले कुणी वापरतच नव्हतं.

इंटेलिजे हा दुसरा एडिटर वापरणाऱ्या दोघांना या फाइलचा काडीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी साध्या मार्कडाउनमध्ये (कुठेही उघडणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये) वेगळी प्रत ठेवायची का, यावर खाली चहाच्या टपरीवर वाद चालू आहे. दोनांतली एक प्रत शिळी होणार, म्हणून मी नाही म्हणतोय. सध्या ते दोघं सरळ मलाच मेसेज करतात.