टू लाइव्ह क्रूचा 'द रिअल वन': बरेच महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

सेकंडहँड सीडी हातात आल्यापासून हा अल्बम गाडीत, घरी, हेडफोनवर असा सतत चालूये, आणि यावर कुणी फारसं बोलतच नाही म्हणून सविस्तर लिहितोय. १९९८ चा अल्बम, लिल जो रेकॉर्ड्सवर आलेला, मायामीच्या टू लाइव्ह क्रू या रॅप ग्रुपचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. याच ग्रुपचा १९८९ चा 'अ‍ॅज नॅस्टी अ‍ॅज दे वॉना बी' वीस लाखांवर खपला होता, १९९० मध्ये फ्लोरिडातल्या फेडरल जजने तो अश्लील ठरवला, १९९२ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला, म्हणजे अख्ख्या अमेरिकेत ज्यांच्या नावावरून भांडणं झाली त्यांचा हा अल्बम कधी आला नि कधी गेला कुणाला कळलंही नाही.

आधी आवाजाचं सांगतो. मोबाईलच्या स्पीकरवर हा अल्बम अजिबात लावू नका. ८०८ ड्रम मशीनचा लांब घुमणारा किक (ड्रमचा जड ठोका) पार ५० हर्ट्झच्या आसपास असतो, तिथवर मोबाईल उतरतच नाही, मग राहते नुसती टिकटिक आणि बडबड. हेडफोनवर बरा वाटला, पण डिकीत सबवूफर असलेल्या गाडीत लावला तेव्हा कुठे नीट कळला, कारण मायामी बेस, म्हणजे तिथला जड बेसचा फास्ट रॅप, वाढलाच मुळी अशा गाड्यांमध्ये. खालचा आवाज भरपूर आहे, भरीव आहे, त्याबाबत तक्रार नाही.

तक्रार आहे ती मिस्टर मिक्स नसल्याची. हा माणूस ग्रुपचा डीजे, ग्रुप मायामीत यायच्या आधी कॅलिफोर्नियात असल्यापासूनचा, १९८६ च्या 'थ्रो द डी'पासून यांचा साउंड त्याच्या हातातला, जुन्या रेकॉर्डचे तुकडे तोडून फास्ट बीटवर असे टाकायचा आणि वर असं स्क्रॅच करायचा की गाणं ओळखायला शब्द लागायचे नाहीत. १९९६ च्या 'शेक अ लिल समथिन'पर्यंत तो होता, मग गेला. ग्रुपचा म्होरक्या ल्यूक कॅम्पबेल तर त्याआधीच बाहेर पडलेला. उरले फ्रेश किड आइस आणि ब्रदर मार्क्विस, हे दोघं रॅपरच. बीट्स वाजतात व्यवस्थित, पण कितीही वेळा ऐका, त्यामागे कुणा एका माणसाचा हात जाणवत नाही, आणि माझ्या मते अल्बम पडला तो इथेच.

पण हे दोघं! फ्रेश किड आइस त्रिनिदादमध्ये जन्मलेला, चिनी वंशाचा, त्याचा तो जड सपाट आवाज आणि त्यावर मार्क्विसचं चपळ, चावट बोलणं, ही जोडी मला ऐकता ऐकता जास्त जास्त आवडत गेली. टायटल ट्रॅकवर रॅपर आइस-टी आहे आणि तो उगाच आणलेला पाहुणा नाही, १९९३ मध्ये त्याच्या '९९ प्रॉब्लेम्स'वर मार्क्विस होता, त्याच गाण्याची ओळ पुढे रॅपर जे-झीने घेऊन जगभर नेली. '२ लाइव्ह पार्टी'मध्ये केसी अँड द सनशाइन बँड या डिस्को बँडचा केसी आणि रॅपर फ्रीक नॅस्टी आहेत. दक्षिण फ्लोरिडाचा डिस्को आणि मायामी बेस एकाच गाण्यात, मला तर या कल्पनेचंच फार कौतुक वाटतं, गाडीत सगळ्यात जास्त हेच वाजतं.

मग चाललं का नाही? ते वर्ष बघा ना. न्यू ऑर्लिन्सचं नो लिमिट हे रॅप लेबल जोरात, अटलांटाच्या आउटकास्टचा 'अक्वेमिनाय' त्याच वर्षीचा, आणि खुद्द मायामीत रॅपर ट्रिक डॅडी वर येत होता. साउथला, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॅपला, एवढे कान मिळाले नव्हते कधी, पण लोकांना आता संथ बीट आणि गल्लीतल्या गोष्टी हव्या होत्या, पार्टीतल्या फास्ट आरोळ्या जुन्या वाटायला लागल्या होत्या. ज्यांनी साउथचा दरवाजा उघडला त्यांनाच आत जागा उरली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शब्दांबद्दल स्पष्ट सांगतो, पूर्णपणे अश्लील आहेत, बायकांबद्दल जे बोललंय त्यातलं बरंच मला आवडत नाही आणि तिथे मी गाणं पुढे ढकलतो. घरच्यांसोबत गाडीत लावू नका.

सलग ऐकायला थकवा येतो, मधली गाणी एकमेकांसारखी आहेत. नवीन असाल तर आधी 'थ्रो द डी' ऐका म्हणजे मिस्टर मिक्स काय करायचा ते कळेल, मग यातला टायटल ट्रॅक, मग '२ लाइव्ह पार्टी'. पाचपैकी तीन, त्यातले अडीच फ्रेश किड आइस आणि मार्क्विसचे. फ्रेश किड आइस २०१७ मध्ये गेला, मार्क्विस २०२४ मध्ये, आणि दोघांवर लिहिताना लोक १९८९ च्या पुढे सहसा येत नाहीत, तर कृपा करून हाही ऐका.