ई-रीडर, ‘ऱ्या’ आणि मागे पडलेली यादी: पावसाळ्यापासूनच्या वापराचा अनुभव

मागच्या महिन्यात माझ्या ई-रीडरने, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राने, रात्रीत आपणहून अपडेट घेतलं. सकाळी लोकलमध्ये पुस्तक उघडलं, तर ‘दुसऱ्या’ या शब्दाचे दोन तुकडे पडलेले: टिंब असलेला पायमोडका र आणि त्याच्या शेजारी सुटा य. ‘वाऱ्यावर’, ‘बिचाऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘तऱ्हा’, सगळ्यांची हीच गत. मराठीच्या कुठल्याही पानावर असले शब्द पाच-सहा तरी असतातच. म्हणजे दर पानाला पाच-सहा ठेचा. आदल्या रात्रीपर्यंत हे सगळं नीट दिसत होतं, म्हणून संताप जास्त.

यंत्राची मापं सांगत बसत नाही. सहा इंची पडदा, ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), पडद्यावर पिवळसर प्रकाश. हे सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. बॅटरी उत्तम. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात पुस्तक, असं ठाण्याहून दादरपर्यंत उभ्याने वाचता येतं. इतकं हलकं कागदी पुस्तक माझ्याकडे नाही. या बाबतीत मला काही म्हणायचं नाही.

घेतलं ते एका यादीपायी. पाडव्याला मी वर्षाची यादी केली होती: मराठीतली जी पुस्तकं ‘वाचलेली असायलाच हवीत’ असं सगळे म्हणतात, ती. ‘रणांगण’, ‘बनगरवाडी’, ‘कोसला’, ‘युगांत’, ‘बलुतं’, ‘स्मृतिचित्रे’ आणि अशीच आणखी. क्रमही ठरवला होता, कादंबऱ्या आधी, आत्मचरित्रं मग. रोज जाऊन-येऊन दोन तास प्रवासात जातात, तेवढ्यात यादी सहज पार पडेल असा हिशोब होता. काही पुस्तकं कपाटात कागदी होती, काही ई-बुक म्हणून विकत घेतली आणि यंत्रात ‘यंदाची यादी’ नावाचा संग्रह करून त्यात टाकली.

यादीतली पहिली तीन पुस्तकं क्रमाने झाली. ‘रणांगण’ १९३९चं. युरोपातून निघालेल्या बोटीवरचे ज्यू निर्वासित त्यात आहेत, आणि महायुद्ध पेटायच्या वर्षात हे कुणी मराठीत लिहीत होतं याचा मला अजून अचंबा वाटतो. पण त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. माझी गाडी रुळावरून सरकली ती ‘स्मृतिचित्रे’पाशी.

लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं, त्यामुळे हे पुस्तक केव्हाच मुक्त झालंय. यंत्रावर मी फुकट उतरवलेलं हे पहिलं पुस्तक. सोवळ्यापायी बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेणारे वडील, मनात आलं की उठून चालू लागणारा कवी नवरा, १८९५ साली त्याने केलेलं धर्मांतर आणि मागे राहिलेली ही बाई. आणि हे सगळं शेजारी बसून सांगावं अशा भाषेत. संपलं त्या दिवशी यादीप्रमाणे पुढचं पुस्तक उघडायचं होतं, पण मन होईना. त्या काळातल्या बाकीच्या बायकांनी काय लिहून ठेवलंय, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

मग रमाबाई रानड्यांच्या आठवणी घेतल्या, १९१० सालच्या. दिवसा घरातल्या बायकांची बोलणी आणि रात्री नवऱ्याकडे, न्यायमूर्ती रानड्यांकडे अभ्यास. त्यातच १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात येतात. त्यांना ऐकायला रानड्यांची रमाबाई जाते आणि त्यावरून घरात ऐकून घेते. ते वाचत असतानाच ठरलं, आता पंडिता रमाबाई. त्यांचं अमेरिकेवरचं पुस्तक १८८९चं. तिथली राज्यपद्धती, तिथल्या बायकांच्या संस्था, थंडी, घरं, सगळं नेटाने मांडलेलं. त्या अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी, १८८६ साली फिलाडेल्फियाला. म्हणून मग काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र. पंडिता रमाबाईंनी परत येऊन १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती आनंदीबाई कर्वे झाली. तिचं ‘माझे पुराण’ १९४४चं. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. जेमतेम इंग्रजीवर अमेरिकेत जाऊन, परक्या घरांत काम करून कर्व्यांच्या विधवांसाठीच्या आश्रमाला पैसे जमवणारी. तिची ‘माझी कहाणी’ १९२८ची.

म्हणजे एका पुस्तकात दारातून आत येणारी बाई पुढच्या पुस्तकाची लेखिका निघते. ही माळ मी ओवली नाही, ती या बायकांच्या ओळखीपाळखीतूनच झालेली आहे. एकीने दुसरीला पाहिलंय, तिच्याविषयी ऐकलंय, तिच्या शाळेत राहिलीय, तिचं चरित्र लिहिलंय. पाडव्याची यादी कितीही चांगली असली, तरी तिच्यातली पुस्तकं एकमेकांना ओळखत नव्हती. ‘कोसला’ संपल्यावर ‘युगांत’ का घ्यायचं, याला ‘यादीत पुढे आहे’ यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे प्रत्येक वेळी उत्तर होतं. दिवाळीपर्यंत ‘यंदाची यादी’ हा संग्रह मी उघडलासुद्धा नाही.

आता यंत्राचा यात वाटा किती, ते सांगते, कारण याच बाबतीत माझं मत मध्येच बदललं. पहिले दोन-तीन महिने मी सगळ्यांना सांगत होते की फुकट जुन्या पुस्तकांसाठी हे घेऊ नका. जुनी मराठी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन संग्रहावर बहुतेक स्कॅनच्या पीडीएफ रूपात आहेत. डेमी आकाराचं, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाएवढं, पान सहा इंचांत कोंबलं की अक्षर मुंगीएवढं होतं. ते चित्र असल्याने टाइप मोठा करता येत नाही. आडवं धरून वाचलं तर अर्धं पान दिसतं, आणि पुढे सरकवताना मधली एखादी ओळ हमखास निसटते. ‘माझी कहाणी’ मी या कारणाने यंत्रावर सोडून दिली आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून कागदी आणून वाचली. १८९३ सालची संस्था, पुनर्विवाहाच्याच वर्षातली, हे पुस्तक परत करताना लक्षात आलं.

मत बदललं ते दोन गोष्टींनी. एक, समासाची पांढरी जागा कापून टाकणारं साधन संगणकावर मिळालं. कडा कापल्या की तेच अक्षर वाचण्याजोगं होतं, निदान दिवसा. दुसरी आणि मोठी गोष्ट शोध. विकिस्रोत या मुक्त पुस्तकांच्या संकेतस्थळासारख्या ठिकाणी टंकलेला मजकूर मिळतो, तो यंत्रात टाकला की ‘पंडिता’ असं लिहून त्या पुस्तकात कुठे कुठे ती येते ते एका झटक्यात दिसतं. या बायका एकमेकींच्या पुस्तकांत नेमक्या कुठे आहेत हे मला असंच सापडत गेलं. कागदावर एवढं शोधणं नोकरी करणाऱ्या माणसाला जमणार नाही.

पण शोधालाही आडकाठी आहेच. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार असतात, त्यामुळे ‘घरात’ शोधलं तर हाती काही लागत नाही. हे एकदा कळलं की सवय होते. दोन्ही लिहून बघायचं. ‘ऱ्या’चं मात्र तसं नाही. पडद्यावर सारखाच दिसणारा ‘ऱ्या’ संगणकात दोन वेगळ्या तऱ्हांनी साठवलेला असतो. एकात टिंबाचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. डोळ्यांना फरक नाही, यंत्राला आहे. ‘कऱ्हाड’ एका पद्धतीने लिहून शोधलं तर दुसऱ्या पद्धतीचा ‘कऱ्हाड’ सापडत नाही. आणि फाइल एका साच्यातून दुसऱ्यात बदलताना ते न दिसणारं चिन्ह गळून पडलं, की डोक्यावर रफार येऊन बसतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र.

अशा फाइली मी स्वतः दुरुस्त केल्या. कॅलिबर नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात पुस्तक उघडून मजकूर बदलता येतो. वाटतं की सगळे ‘र्या’ एकदम ‘ऱ्या’ करून टाकावेत. ते चालत नाही. ‘सूर्या’, ‘कार्याला’, ‘आचार्यांनी’, ‘मर्यादा’, ‘भार्या’ यांच्या डोक्यावर रफारच हवा, तो काढला की नवाच घोळ. म्हणून एकेक शब्द थांबून बघायचा, बदलायचा, पुढे जायचं. रमाबाई रानड्यांच्या फाइलीवर मी दोन रविवार बसले. वेळ गेल्याचं दुःख नाही. त्या पुस्तकातली वाक्यं दुसऱ्यांदा वाचून झाली आणि आता ती फाइल स्वच्छ आहे.

आणि ही स्वच्छ केलेली फाइलच अपडेटने मोडली. आधीच्या चुका फाइलींच्या होत्या, त्यासाठी मी कंपनीला कधी बोल लावला नाही. ही चूक यंत्राची आहे. ग्राहकसेवेला फोन केला तर उत्तर आलं, “मॅडम, हिंदी सपोर्ट आहे.” हिंदीत हे अक्षर वापरतच नाहीत, ते मराठीला लागतं, हे तीन वेगवेगळ्या माणसांना पहिल्यापासून समजावलं. फोटो पाठवले. एकाने सांगितलं, फॉन्टचा आकार वाढवून बघा. दुसऱ्याने सांगितलं, यंत्र मूळ स्थितीला आणा, म्हणजे रीसेट. यंत्र वॉरंटीत आहे आणि रीसेट केल्याशिवाय तक्रार पुढे जाणार नाही म्हणाले, म्हणून केलं. ‘ऱ्या’ तसाच मोडका राहिला आणि माझे सगळे संग्रह पुसले गेले, ‘यंदाची यादी’सुद्धा. विकत घेतलेली पुस्तकं परत उतरवता येतात, पण संग्रहांची रचना, खुणा, समासातली टिपणं गेली. टिपणांची प्रत संगणकावर होती म्हणून वाचले. रीसेट करायला सांगण्याआधी काय काय पुसलं जाईल हे त्यांनी स्पष्ट सांगायला हवं होतं. नंतर बदली यंत्र पाठवलं. त्यातही तोच सॉफ्टवेअर, तोच तुकडा पडलेला ‘दुसऱ्या’. चौदा हजारांच्या आसपास मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल एवढी अपेक्षा रास्त आहे की काल नीट दिसणारी मराठी आज मोडू नये.

तात्पुरता उपाय मलाच सापडला. कॅलिबरमध्ये पुस्तकाच्या आतच फॉन्ट बसवता येतो. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट बसवला आणि यंत्रात ‘प्रकाशकाचा फॉन्ट’ हा पर्याय निवडला, तर माझ्या यंत्रावर ‘ऱ्या’ बराचसा सावरतो. शिवाय पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो, आपण शाळेत गिरवला तोच. २००९च्या शासन निर्णयात मराठीसाठी हीच वळणं सांगितलेली आहेत, तरी बहुतेक यंत्रांत हिंदी वळणाचे ल आणि श येतात. विकत घेतलेल्या पुस्तकांना मात्र कुलूप असतं, त्यांत फॉन्ट बसवता येत नाही. पैसे देऊन घेतलेली पुस्तकं मोडक्या अक्षरांत आणि फुकटची स्वच्छ, अशी सध्या माझी अवस्था आहे. याने मी पुढची खरेदी थांबवली आहे.

पुसलेला संग्रह मी पुन्हा केला नाही. बदली यंत्रात पुस्तकं भरताना आधी या बायकांचीच भरली. पाडव्याच्या यादीतलं ‘युगांत’ तेवढं परत घेतलं, आणि तेही त्याच्या लेखिका इरावतीबाई धोंडो केशव कर्व्यांच्या सूनबाई म्हणून. ‘माझे पुराण’मधल्या सासूकडून सुनेकडे आले, तर ते पुस्तक मला आता वेगळ्या उत्सुकतेने हातात घ्यावंसं वाटतंय. ‘बलुतं’ कागदी आहे, ते कुठून तरी आपोआप येईल तेव्हा वाचेन.

घ्यायचं असेल तर विक्रेत्याकडचं नमुन्याचं पुस्तक बघून ठरवू नका. मोबाइलवर एका पानाची फाइल करा, त्यात ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ दोन्ही पद्धतींनी टंकून ठेवा आणि ती दुकानातल्या यंत्रावर उघडून दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा. घरी आणल्यावर आपोआप अपडेट होऊ नये म्हणून वायफाय बंद ठेवा, पुस्तकं वायरने टाका. वर्गणी भरलेलं ग्रंथालय असेल तर ते सोडू नका. माझं मासिक शुल्क एका ई-बुकाच्या किमतीपेक्षा कमी आहे.

सध्या कॅरोलाइन डॉलने १८८८ साली बॉस्टनमधून प्रसिद्ध केलेलं आनंदीबाई जोशींचं इंग्रजी चरित्र चालू आहे. काशीबाईंच्या पुस्तकाशी ताडून वाचतेय, एक यंत्रावर, एक कागदावर. इंग्रजीत ‘ऱ्या’ नसल्याने ते अगदी नीट दिसतं.