सेरानाला बरं करावं की व्हॅम्पायरच राहू द्यावं?

स्कायरिम या व्हिडिओ गेमच्या 'डॉनगार्ड' या जोडभागात व्हॅम्पायरांचा प्रमुख हार्कन मेला की खेळणाऱ्यापुढे त्याच्या मुलीबद्दल, सेरानाबद्दल, हा प्रश्न येतोच. तिला व्हॅम्पायरपण घालवणारा उपचार घ्यायला राजी करायचं, की आहे तशीच राहू द्यायचं? एकदा ती बरी झाली की तिला मागे फिरता येत नाही, म्हणून घाई नको.

ताकदीचा हिशेब लवकर संपतो. बरी झालेली सेरानाही फॉलोअर, म्हणजे लढाईतली साथीदार, म्हणून सोबत राहते. तोटा एकच, पण मोठा: तुम्हाला व्हॅम्पायर लॉर्ड, म्हणजे व्हॅम्पायरचं जास्त ताकदवान रूप, देण्याची तिची शक्ती जाते. हार्कन गेल्यावर ते रूप देणारं तिच्याशिवाय कोणीच उरत नाही. त्या रूपाचे 11 पर्क्स (खास क्षमता) घ्यायची हौस असेल, तर आधी तिच्याकडून ते रूप घ्या, मनसोक्त खेळा आणि उपचाराचा विषय नंतर काढा. लग्नाच्या आशेने तिला बरं करणार असाल तर मात्र तो विचार सोडा. लग्नाची इच्छा दाखवणारं माराचं ताईत गळ्यात घालून विचारलंत तरी ती नाहीच म्हणते, आणि बरी झाल्यावरही त्यात फरक पडत नाही.

खरी निवड कथेची आहे. तिच्या बापाने, हार्कनने, अमरत्वासाठी मोलाग बाल या दुष्ट दैवी शक्तीशी सौदा केला आणि बायकोमुलीलाही त्यात ओढलं. पुढे आईने तिला वाचवायचं म्हणून पाठीवर एल्डर स्क्रोल ही गूढ शक्तीची गुंडाळी देऊन डिमहॉलो क्रिप्ट या भूमिगत दफनगृहात बंद केलं. शतकानुशतकं ती तिथे झोपून होती. तिच्या आयुष्याचे मोठे निर्णय दुसऱ्यांनीच घेतले. दिवसा उघड्यावर आलं की ती डोक्यावर टोपी ओढते आणि उन्हाची कुरकुर करते. हे रोज बघितल्यावर तिला पुन्हा माणसासारखं जगता यावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी बाजूही कच्ची नाही. व्हॅम्पायर असणं हीच तिची ओळख आहे, आणि तिला जशी आहे तशी स्वीकारणारे फार थोडे. फोर्ट डॉनगार्डमधल्या व्हॅम्पायर-शिकाऱ्यांचा म्होरक्या इस्रान याला तर ती तिथे आलेलीही खपत नाही. तुम्हीही 'आधी बरी हो' एवढंच म्हणालात, तर तुमच्यात आणि त्याच्यात फार अंतर उरत नाही. तुम्ही हार्कनच्या व्होल्किहार किल्ल्यातल्या व्हॅम्पायरांच्या बाजूने खेळून स्वतः व्हॅम्पायर राहणार असाल, तर तिला बदलायला सांगणं मला पटत नाही.

म्हणून विषय कसा काढता याला महत्त्व आहे. खेळात आधी व्होल्किहार किल्ल्याच्या अंगणात आईचा माग काढताना ती घरच्यांबद्दल मोकळं बोलते. तिथे उत्तरं निवडताना तिची बाजू ऐका, टोचून बोलू नका. उपचाराचं बोलणं हार्कनच्या शेवटानंतरच काढा, आणि त्याआधी वेगळा सेव्ह ठेवा, कारण तिने नकार दिला तर तोच पर्याय पुन्हा समोर येईल असं धरून चालू नका. ती तयार झाली तर मॉर्थल गावातल्या फॅलिऑन या जादूगाराकडे स्वतःच जाते आणि काही काळाने परत येते. तुम्हाला स्वतःला बरं व्हायचं असेल तर त्याच फॅलिऑनला भरलेला ब्लॅक सोल जेम, म्हणजे माणसाचा आत्मा साठवलेला काळा खडा, द्यावा लागतो. तिच्यासाठी तुम्हाला तो शोधावा लागत नाही.