मॉरिशसची ज्वालामुखी डे टूर: नक्की घ्या, फक्त दुकानं टाळा (४/५)

बीच सगळेच करतात, आम्ही एक अख्खा दिवस ज्वालामुखीला दिला आणि ट्रिपमधला सगळ्यात भारी दिवस तोच ठरला. गाडी आणि गाइड हॉटेलमधूनच मिळाले, गाइड काकांचे पणजोबा रत्नागिरीकडचे, त्यामुळे मराठी तोडकंमोडकं पण बोलायची हौस फार.

पहिलं त्रू ओ सेर, क्युरपिप गावातच, ज्वालामुखीच्या तोंडाचा ८० मीटर खोल खड्डा, आत गच्च झाडी. धुक्यात काहीच दिसेना, काका म्हणाले थांबूया, वीस मिनिटांनी तळातलं पाणी दिसलं. मग गंगा तलाव. महादेवाला हात जोडले, पण हा तलावही ज्वालामुखीच्या तोंडातच साठलाय हे तिथं उभं राहून कळलं!

वाटेत उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. गाडी थांबवून एक दगड उचलला तर भोकाभोकांचा, थेट आपल्या सह्याद्रीतल्यासारखा, फक्त आपल्याकडे त्या भोकांत बऱ्याचदा पांढरे खडे भरलेले असतात, इथं रिकामी. काका म्हणाले, दोन्हीकडचे दगड लाव्ह्याचेच आणि त्यामागची जमिनीखालची भट्टीही एकच. ती खाली जागच्या जागी, वरची प्लेट, म्हणजे जमिनीच्या कवचाचा तुकडा, उत्तरेकडे सरकत राहते. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला दख्खन तिच्यावर होता, पुढे मालदीवचं बूड तयार झालं, साधारण ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं आणि आता शेजारचं रियुनियन बेट पेटतंय.

दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्री ग्रीला तर मी गप्पच झालो. बेटाभोवतीचं पोवळ्यांचं कडं नेमकं इथंच तुटलंय, लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात, पायाखाली दणका जाणवतो. भट्टीपासून लांब गेलेलं बेट थंड होऊन खचत जातं, वरून पाऊस आणि लाटा झिजवतात. रियुनियनचं शिखर ३०७० मीटर, मॉरिशसचं जेमतेम ८२८, आणि मालदीवचे डोंगर तर कधीच बुडालेत, वर उरलीयत ती पोवळ्यांची कडी. एवढं सुंदर बेटही एक दिवस जाणार, पोटात तुटलं अगदी.

एक स्टार कापला कारण नको म्हणूनही एका दुकानात पाऊण तास घालवला आणि मग शामारेलची रंगीत माती पळत बघावी लागली. बुकिंगलाच दुकान नको म्हणून सांगा. क्युरपिपला जॅकेट लागतं, आणि ग्री ग्रीला पाण्यात अजिबात उतरू नका.