सत्तरीतला व्हाळ-वॉक : पाच पैकी चार स्टार

दिवाळीच्या सुट्टीत गोव्यात, सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे एका होमस्टेत राहिलो होतो तेव्हा त्यांचा सकाळचा व्हाळ-वॉक (व्हाळ म्हणजे ओढा) केला, माणशी 900 रुपये, त्यात चहा आणि उकड्या तांदळाची पेज. वाघ दिसेल म्हणून जाऊ नका, हा वॉक पाण्यातल्या जिवांचा आहे आणि पैसे पूर्ण वसूल.

गाईड गावातलेच, पन्नाशीचे, आम्ही दादा म्हणत होतो. त्यांनी वाकून तळहाताएवढा दगड अलगद पालथा केला, खालच्या अंगाला चपटे, तीन शेपट्यांचे किडे चिकटलेले, मेफ्लायची पिल्लं. वाहतं, स्वच्छ पाणी लागतं यांना, म्हणाले, आणि दगड होता त्याच बाजूने त्याच खळगीत परत ठेवला. माझी मुलगी नंतर वॉकभर तेच करत होती.

म्हादई अभयारण्य झालं 1999 ला, 208 चौरस किमी. वर जंगल राखलंय म्हणून व्हाळात माती येत नाही, सावलीने पाणी गार राहतं, एवढं काम अभयारण्य चोख करतंय हे डोळ्यांनी दिसतं. पण मग दादांनी गाडीत घालून आम्हाला हद्दीबाहेर खालच्या बंधाऱ्यावर नेलं आणि मला तरी खरा वॉक तिथेच कळला. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, तेव्हा बंधाऱ्याच्या फळ्या काढायच्या राहिल्या असल्या की सगळे तिथेच अडकतात, आणि जाळी घेऊन लोक उभेच असतात, पोटात गाभोळी (अंडी) असलेला मासा पिशवीत जातो. म्हणजे वर कितीही जंगल सांभाळा, पुढच्या वर्षीचा मासा खालीच संपला ना! वरच्या बाजूलाही तेच, म्हादई नदी उगम पावते कर्नाटकात खानापूर तालुक्यात, तिला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा या ओढ्यांचं पाणी तिकडे वळवलं तर मे महिन्यात कोंडीत, म्हणजे खोल डोहात, काय उरणार, मासे तर उन्हाळाभर त्या कोंडीतच तग धरून असतात. 2023 च्या जुलैत हायकोर्टाने इथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं तेव्हा घराघरात वाघाची चर्चा, या माशांबद्दल मी कोणाच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता.

एक स्टार कापला तो गर्दीसाठी. आमच्या बॅचला 22 माणसं घेतली होती, मागचे लोक चपला घालून व्हाळाच्या मधोमध चालत होते, फोटोसाठी दगड उपटून रचत होते, दादा एकटे कोणाकोणाला सांगणार. ज्या दगडाखालचे जीव दाखवायला नेता तोच तुडवला जातोय, हे बघून फार वाईट वाटलं. होमस्टेच्या मालकांना निघताना स्पष्ट सांगितलं, आठच्या वर माणसं घेऊ नका, हवं तर रेट वाढवा. ऐकून घेतलं त्यांनी नीट.

रबरी सोलचे बूट न्या, शेवाळावर पाय सटकतो. आणि जमलं तर जूनमध्ये पहिला पाऊस पडला की फोन करून जा, माशांची चढण तेव्हाच बघायला मिळते, आम्ही पुढच्या वर्षी त्याच वेळी जाणार आहोत.