टायमरवाला ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह : ८ महिने वापरल्यानंतर

शिरोली एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं छोटं शेड आहे. ५ एचपीचा कॉम्प्रेसर, २२० लिटरची टाकी. हवेतल्या बाष्पाचं पाणी टाकीत साचतं, ते काढायला टाकीखालचा ड्रेन कॉक (हाताने उघडायचा नळ) रोज सोडायचा ठरलेलं, पण गडबडीत राहून जायचं. जूनमध्ये लाइनमधून पाणी आलं, गनमध्ये पावडरच्या गुठळ्या झाल्या आणि ग्रिलांचा अख्खा लॉट घासून पुन्हा मारावा लागला. त्याच आठवड्यात ठरल्या वेळी आपोआप पाणी सोडणारा हा व्हॉल्व्ह बसवला.

याला दोन नॉब. एकावर किती मिनिटांनी उघडायचं, दुसऱ्यावर किती सेकंद. पावसाळाभर १५ मिनिटांनी ३ सेकंद ठेवलं, दिवाळीनंतर ४५ मिनिटांनी २ सेकंद. पाणी संपून नुसतीच हवा जायला लागली की सेकंद कमी करा, त्या हवेला वीज जळलेली असते.

ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह बंदच होईना. दाब ४ बारच्या वर चढेना, काम ठप्प. खोलला तर डायफ्रामखाली (आतल्या लवचीक पडद्याखाली) तांदळाच्या कणीएवढा गंजाचा तुकडा. जुन्या टाकीतून गंज येणारच, आम्ही आधी स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी जाळी, लावायला हवा होता. आता बॉल व्हॉल्व्ह, मग स्ट्रेनर, मग ऑटो ड्रेन अशी रांग आहे. दर शनिवारी बॉल व्हॉल्व्ह बंद करून जाळी धुतो, टाकी रिकामी करावी लागत नाही. त्यानंतर एकदाही अडकला नाही.

मध्ये एकदा फुस्स आवाज थांबेना, तेव्हा दोन दिवस याच व्हॉल्व्हवर संशय घेतला. दोष निघाला एनआरव्हीचा, म्हणजे टाकीतली हवा कॉम्प्रेसरकडे उलटी येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हचा. कॉम्प्रेसर थांबल्यावर प्रेशर स्विचपाशी दोन-तीन सेकंद हवा सुटते ती अनलोडरची (कॉम्प्रेसर आणि टाकीमधल्या पाइपातला दाब सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हची), ते बरोबरच आहे. पण ती सुटतच राहिली तर समजा एनआरव्ही धरत नाही, टाकीतली हवा उलटी येतेय. मोटरही सुरू होताना घुमायची. एनआरव्ही बदलला, दोन्ही थांबलं.

एक कळकळीने सांगतो. हवा वाचवायला म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हच्या आधी बॉल व्हॉल्व्ह लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो चुकून बंद राहिला तर वाढलेल्या दाबाला वाटच नाही.

व्हॉल्व्हची कॉइल हाताला गरम लागते, तेवढं चालतं. वीज नसली की मात्र तो उघडत नाही, म्हणून टी (तीन तोंडांचा जोड) टाकून जुना कॉकही ठेवलाय. सकाळी मोटर चालू करण्याआधी तो एकदा सोडतो. रात्रभरात टाकी गार होते, पावसाळ्यात तर गंजाने तांबूस झालेलं पाणी निघतंच.