एसडब्ल्यूआय-प्रोलॉग : आत्या ओळखतं, पण 'माहीत नाही' म्हणत नाही

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजोबांची लाल वही आहे. गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला आलेल्या खापरपणजोबांपासूनची वंशावळ तिच्यात आहे. ती कंप्युटरवर घ्यायला आधी एक विकतचं ॲप आणलं. त्यात काका, मामा, मावशीचे यजमान, सगळे 'अंकल'! ते काढलं आणि एसडब्ल्यूआय-प्रोलॉग घेतलं, म्हणजे प्रोलॉग या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं चालवणारं सॉफ्टवेअर. ॲमस्टरडॅम विद्यापीठात यान वीलेमाकर यांनी १९८७ मध्ये सुरू केलेलं, आणि चक्क फुकट. चार महिने झाले, रात्री जेवणं आटोपली की मी, वही आणि हे.

यात कसं शोधायचं ते सांगायचं नाही, नातं म्हणजे काय तेवढं लिहायचं:

आत्या(_अ, _ब) :- वडील(_व, _ब), बहीण(_अ, _व).

व हे ब-चे वडील आणि अ ही व-ची बहीण, तर अ ही ब-ची आत्या. हाच नियम उलटा विचारला की आत्याची भाचरं मिळतात. अक्षराच्या आधीची ती रेघ (_) मात्र विसरू नका. चलाचं, म्हणजे ज्याच्या जागी कुणाचंही नाव बसू शकतं त्याचं, नाव कॅपिटलने सुरू व्हावं लागतं, देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून रेघ. हे कळेपर्यंत माझ्या दोन रात्री गेल्या.

तक्रार एकच, पण मनाला लागलेली. काशीआत्याच्या लग्नाची वहीत नोंद नाही. तिचं लग्न झालं होतं का, असं विचारलं तर उत्तर आलं 'फॉल्स'. लिहिलेलं सापडलं नाही की प्रोलॉग ते खोटंच धरतं.

मूळची गोष्ट वेगळी होती. १९७२ मध्ये मार्सेयला अलाँ कोल्मरोएर आणि फिलिप रूसेल यांनी ही भाषा केली ती फ्रेंचमध्ये प्रश्नोत्तरं करणाऱ्या यंत्रासाठी. नाव सुचवलं रूसेल यांच्या पत्नीने. त्या पहिल्या प्रोग्रॅमला सांगितलं होतं, झाक मार्सेयमध्ये मानसोपचारतज्ज्ञ आहे. झाक कुठे आहे? मार्सेयमध्ये. झाक आजारी आहे का? मला माहीत नाही.

हे वाचलं त्या रात्री मी फाइल बदलली. 'लग्न_झालं' आणि 'लग्न_झालं_नाही' अशा दोन वेगळ्या नोंदी केल्या, दोन्हींत नाव नसेल तर 'वहीत नाही' छापायचं. नातेवाइकांचं काही लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून असंच करा. काशीआत्यापुढे आता 'वहीत नाही' येतं. रविवारी मोठ्या काकूंना विचारायला रावपुऱ्यात जाणार आहे.